बत्तीस गावांना समुद्र

थूल मॅडम. आधी नाव लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला बसले की माझा राग चहूकडं धावतो आणि ज्या बाईनं मला मदत केली तिचंच नाव राहून जातं. मी नववीत शाळा सोडली. थूल मॅडम कॉलेजात शिकवत होत्या. म्हणजे मला शिकवायचं त्यांना काही कारणच नव्हतं. ज्यांना शिकवण्यासाठी त्यांना ठेवलं होतं त्या पोरांना शिकायचं नव्हतं, आणि मला शिकवलेलं कुठल्या हजेरीपटात लागत नव्हतं.

मी सध्या तिरुपूरला असते. बनियनच्या कंपनीत, चेकिंगला. इथं सगळ्या पाट्या तमिळ. बसवरची पाटी, औषधाच्या दुकानावरची, कंपनीच्या भिंतीवरच्या सूचना, सगळं नुसतं गोल गोल दिसतं. पहिल्या महिन्यात, जायला मनाई आहे असं लिहिलेल्या दारातून मी तीनदा गेले आणि तीनदा बोलणी खाल्ली. समोर लिहिलेलं आहे आणि आपल्याला ते लागत नाही, याची केवढी लाज वाटते ते तेव्हा कळलं. आणि ज्यांना लागतं, तरी जे वाचत नाहीत, त्यांचं काय? मॅडम त्याला माज म्हणायच्या. तेव्हा मला तो शब्द जास्त वाटायचा. आता कमी वाटतो.

रोहण्याहून सकाळच्या गाडीनं मी आर्वीला यायची. कॉलेजच्या गेटला लागून सुरेशभाऊंचं झेरॉक्सचं दुकान होतं. जागा कॉलेजच्या संस्थेची, मशीन भाऊंचं, मशीनवर मी. मॅडम वर्ध्याहून एसटीनं यायच्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि पायात पुरुषांसारखे जाड सँडल. चालण्याचा आवाज आधी यायचा, मग बाई दिसायची. बारा वर्षं त्या तिथं तासिकेवर शिकवत होत्या. म्हणजे वर्ष संपलं की नोकरी संपली. नव्या वर्षी संस्थेनं पत्र दिलं तर परत सुरू. ज्या माणसाची नोकरी दरवर्षी कोणाच्या तरी मर्जीवर असते तो सहसा हळू बोलतो. मॅडम रस्त्यापलीकडं ऐकू यायच्या.

त्यांचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. खिडकीतून आवाज थेट माझ्या मशीनपर्यंत. फळ्यावर लिहून झालं की पोरं मोबाइल वर करायची, फोटो काढायला. मॅडम फळ्यासमोर आडव्या उभ्या राहायच्या.

"काढा. माहाच काढा फोटो. चांगला येते का पाहा."

"मॅडम, बाजूले व्हा ना, घरी जाऊन लिवतो."

"कोन लिवते घरी? तू? तुह्या मोबाइलमदी मांगच्या वर्षीचा फळा अजून तसाच पडून असन. परीक्षेले फोटोले बसवशीन काय बे?"

वर्ग हसायचा. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांचा राग गमतीचा नव्हता, आणि पोरांना तो गमतीचा वाटतो याचा त्यांना आणखी राग यायचा.

एकदा कॉलेजात कसलासा कार्यक्रम होता आणि त्याच दिवशी गावात क्रिकेटचा सामना. वीस-बावीस पोरांनी सुट्टीचे अर्ज दिले. हल्ली अर्ज लिहीत नाहीत, मोबाइलला सांगतात, मोबाइल लिहून देतो, पोरं दुकानात येऊन छापून घेतात. सुंदर अर्ज होते. 'अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव' वगैरे. आणि खाली, जिथं सही करायची तिथं, 'येथे आपले नाव लिहा.' एकानंही ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली ती अशी: "येथे आपले नाव लिहा!" कोणी ओ देईना. परत ओरडल्या, "येथे आपले नाव लिहा, हजर हाय का? बावीस येळा अर्ज करून राह्यला बिचारा, त्याले सुट्टी देऊन टाकतो."

मी दुकानात हसून हसून कागद उलटा घातला आणि मशीन अडकवलं.

आता माझा भाग. तो लपवून चालणार नाही. हे सगळं छापणारी मीच होते. पोरं मोबाइलवरून पाठवायची, मी नाव बदलायची, प्रिंट काढायची, कडेला पट्टी लावून बांधून द्यायची. रोलनंबर मलाच पाठ होते. मॅडम ज्या खोट्यावर ओरडायच्या ते माझ्या हातून गरम गरम निघायचं.

दुसऱ्या वर्षाला सगळ्यांना पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो. तो विषय कोणाला नको असतो, म्हणून तासिकेवरच्या माणसाच्या गळ्यात पडतो. मॅडमनी विषय दिला, 'माझ्या गावाचं पर्यावरण'. त्यांना वाटलं, गाव तर प्रत्येकाचं वेगळं, आता कुठून चोरतील? कोणीतरी मोबाइलवर एक पीडीएफ शोधली आणि ग्रुपवर टाकली. बत्तीस पोरं माझ्याकडं आली. मी बत्तीसदा गावाचं नाव बदललं.

चौथ्या दिवशी मॅडम दुकानात आल्या, दोन्ही हातांत गठ्ठा. तो गठ्ठा त्यांनी काउंटरवर असा आपटला की सुरेशभाऊ मागच्या खोलीतून बाहेर आले.

"हे कोनं छापलं?"

"मी मॅडम."

"वाच. बोट ठेवून वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. "रोहणा हे माझे गाव निसर्गरम्य असून गावाच्या पश्चिमेस विस्तीर्ण समुद्रकिनारा आहे. किनाऱ्यालगत खारफुटीची दाट वने आहेत. पावसाळ्यात येथील मच्छीमार आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात."

"हे रोहणा. हे अल्लीपूर. हे गिरड. साऱ्याहिले समुद्र! वर्धा जिल्ह्यात बत्तीस बंदरं उभी केली माह्या पोट्ट्याहिनं एका हप्त्यात!"

सुरेशभाऊ हळूच मागं गेले. मला रडू येत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "मॅडम, मी प्रफुलले म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"म्हटलं, अबे, तू माह्याच गावचा. आपल्याकडं होड्या कुठं हायेत? खारफुटी कुठं हाय? तो म्हणे, 'ताई, तू फक्त नाव बदल. मॅडम कुठं वाचते!'"

मॅडमनी गठ्ठ्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "म्हंजे तू वाचलं हे?"

"प्रिंट निघेपर्यंत वाचते मी. बसल्या बसल्या."

"सारं?"

"हो."

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच नीट. "बत्तीस पदवीवाले," त्या म्हणाल्या, "अन् वाचनारी एक. ते भी मशीनवाली. कितवी शिकली?"

"नववी."

"काऊन सोडली?"

"माय बिमार होती."

"आता कशी हाय?"

"बरी हाय."

"मंग आता काऊन सुटूनच हाय?"

आजवर कोणी तो प्रश्नच विचारला नव्हता.

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. खराब निघालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर रोज पाच ओळी लिहायच्या. विषय एकच, काल गाडीत काय झालं. मॅडम दुपारी यायच्या, उभ्या उभ्या वाचायच्या आणि चिडायच्या. "'गाडीत खूप गर्दी होती.' खूप म्हंजे किती? कोन कोनाच्या पायावर उभं होतं? कोंबडी कोनाच्या पिशवीत होती? हे 'खूप गर्दी' तुहं नाई, हे कोठूनतरी उचललं तू. कोनाच्या तोंडानं बोलून राह्यली?" हे त्यांचं नेहमीचं. कोनाच्या तोंडानं बोलून राह्यली? पोरांना, मला, एकदा तर झेरॉक्सला आलेल्या प्राध्यापकालाही त्यांनी हेच विचारलं, आणि ते महिनाभर दुसऱ्या दुकानात गेले.

एवढा राग कशाचा, असं मी एकदा भीत भीत विचारलं. त्यांनी आजीचं सांगितलं. त्यांच्या आजीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतर ठरवलं की आता अंगठा द्यायचा नाही. सही शिकायला तिला एक अख्खा उन्हाळा लागला. पाटी घरात नव्हती, म्हणून सुपाच्या पाठीवर कोळशानं लिहायची आणि दळण पाखडायच्या आधी पुसायची. अक्षर वाकडं यायचं, लोक हसायचे. "मरेपर्यंत तिनं तेवढीच चार अक्षरं लिवली," मॅडम म्हणाल्या. "अन् ज्या दिवशी पहिल्यांदा कचेरीत सही केली त्या दिवशी घरी येऊन झोपली, असं थकली होती ते. अन् हे पोट्टे! आयतं भेटलेलं अक्षर असं थुकून देऊन राह्यले. मोबाइलवर राग नाई मले. मोबाइल बी कोनीतरी वाचून, लिवूनच बनवला असन ना? राग याचा हाय, ह्याहिले वाटते का आपल्याले काई सांगाचंच नाई. कोनी दुसरा सांगन, आपन खाली नाव टाकू."

रागावरून माझा रागही सांगते. सगळे म्हणतात, आजकालची पोरं बिघडली. पोरं एकटी बिघडतात का? त्या कॉलेजात वाचनालय होतं. त्याच्या कुलपाची चावी शिपायाकडं, आणि शिपाई संस्थेच्या अध्यक्षांच्या शेतात. मोठा फलक मात्र गेटवर, 'संपूर्ण डिजिटल परिसर'. शिकवणारी अर्धी माणसं तासिकेवरची, पोटाला चिमटा घेऊन शिकवणारी. प्रकल्प कोणी वाचत नाही हे प्रफुलला कोणी शिकवलं? दोन वर्षं कोणी वाचला नव्हता म्हणूनच तर त्याला ते ठाऊक होतं. एक बाई वाचणारी निघाली, आणि तिच्याच मागं सगळे लागले.

मॅडमनी एकाही प्रकल्पाला मार्क दिले नाहीत. म्हणाल्या, ज्याला मार्क पाहिजेत त्यानं माझ्यासमोर बसून आपल्या हातानं एक पान लिहावं. आपल्या गावातल्या पाण्यावर. एकच पान. चुका चालतील.

त्या दिवशी पोरं धावत दुकानात आली ती पेन घ्यायला. कॉलेजातली पोरं, आणि खिशात पेन नाही. आमच्याकडचे सगळे पेन संपले. मी खिडकीतून पाहत होते. मोबाइल एका प्लास्टिकच्या टोपल्यात ठेवलेले, ते मधून मधून घुं घुं करत होते, आणि तेवढ्यानं बत्तीस माना वर व्हायच्या. अर्ध्या तासात अर्धी पोरं उठून गेली. एक पोरगी दुसऱ्या ओळीवर अडकली आणि रडायला लागली. "मॅडम, मले माहीत हाय सारं, पन लिवता येऊन नाई राह्यलं." मला वाटलं आता मॅडम फाडून खातील. त्या तिच्या बाजूला बाकावर बसल्या. "बोल मंग. मले सांग. नळ किती वाजता येते?" पोरगी सांगत गेली. "हे लिव. जसं बोलली तसं लिव." घंटा झाली तेव्हा तिचं पान भरलं होतं.

अकरा पानं आली. बत्तीसातली अकरा. त्यात प्रफुलचंही होतं.

उरलेल्या एकवीस जणांनी प्राचार्यांकडं तक्रार केली. कोणाचे वडील आले, कोणाचे काका संस्थेत. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. हे प्राचार्यांच्या शिपायानं दुकानात येऊन सांगितलं, तो चहा घेऊन आत गेला होता. प्राचार्य म्हणाले, पर्यावरणाचाच तर विषय आहे मॅडम, सगळ्यांना मार्क देऊन टाका, कशाला वाढवता?

मॅडम म्हणाल्या, "द्याले काई हरकत नाई सर. पन देऊ कोनाले? लिवनारा तिकडं कोकनात बसून हाय."

त्या एका वाक्यावर त्यांचं पुढच्या वर्षीचं पत्र गेलं असावं. पण कॉलेजला कारण पाहिजे होतं, आणि कारण माझ्याजवळ होतं.

दोन दिवसांनी सुरेशभाऊ टाइप केलेला एक कागद घेऊन आले. "रजनी, इथं सही कर."

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की, सदर प्रकल्पाची मूळ प्रत थूल मॅडम यांनीच आमच्या दुकानात आणून दिली, व सर्व विद्यार्थ्यांनी ती येथूनच घ्यावी असे सांगितले, म्हणून विद्यार्थी निर्दोष आहेत.

"भाऊ, हे खोटं हाय."

"खरं-खोटं कोन वाचते? कागद फायलीत जाते."

"मॅडमची नोकरी जाईन भाऊ."

"नाई केली त् उद्या आपल्या दुकानाले कुलूप लागन. जागा त्याहिची हाय. माह्या घरी चार तोंडं, तुह्या घरी तुही माय. तू सांग, काय करू?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांचे डोळे माझ्याकडं नव्हतेच.

मी तो कागद परत वाचला. बोट ठेवून. एकही शब्द असा नव्हता जो मला कळला नाही. आणि मी सही केली.

बत्तीसही जणांना पूर्ण मार्क मिळाले. मॅडमना तोंडीच सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी यायची गरज नाही. संस्थेनं तक्रार पुढं न नेऊन त्यांच्यावर उपकारच केले, असंही ऐकवलं.

शेवटच्या दिवशी त्या दुकानात आल्या. सँडलचा आवाज आला तसं मी मशीनकडं तोंड केलं. त्यांनी ती अकरा पानं काउंटरवर ठेवली. "एक एक कॉपी काढ. खरी पानं ज्याची त्याले देतो, कॉपी माह्यापाशी."

मी मशीन सुरू केलं. तिसरं पान निघालं तेव्हा त्या म्हणाल्या, "तो कागद दाखवला मले."

मी चौथं पान काचेवर ठेवलं.

"सही कराच्या आंधी वाचला होता काय?"

"हो मॅडम. दोनदा."

मशीन चालू होतं. आठवं पान, नववं पान. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बरं," त्या म्हणाल्या. "न वाचता केली असती त् आत्ता इथंच तुह्या कानाखाली देली असती." पानं उचलली, सारखी केली. "दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरजो, बाहेरून परीक्षेले बसाचा. तारीख पाहून ठेवजो. कोनी सांगाले येनार नाई."

अख्ख्या कॉलेजवर ओरडणाऱ्या त्या बाईनं माझ्यावर आवाज चढवला नाही. याचा मला आजही राग येतो. ओरडल्या असत्या तर मी सुटले असते.

सायंकाळी स्टँडवर त्यांना शेवटचं पाहिलं. मी रोहण्याच्या गाडीसाठी उभी होते, खांबाच्या आड. पुढं जायची हिंमत नव्हती. वर्ध्याची गाडी लागलेली, मॅडम खिडकीत, मांडीवर त्या पानांच्या कॉपी. प्रफुल खाली उभा होता, हातात मोबाइल, कानात वायर. मॅडमनी खिडकीतून हात काढून त्याच्या कानातली वायर ओढली.

"अबे प्रफुल! 'आमच्या घरामागची विहीर उन्हाळ्यात आटते.' कवा आटते?"

"मॅडम, मार्क भेटले ना आता."

"मार्काचं नाई इचारून राह्यली मी! विहीर कवा आटते?"

गाडी सुरू झाली, मागं सरकायला लागली. प्रफुल खिडकीबरोबर चालायला लागला. "एप्रिलमदी मॅडम."

"अन् मंग पानी कोन आनते?"

"माय आनते. मंदिराजवळच्या बोरिंगवरून. चार फेऱ्या."

"मंग ते काऊन नाई लिवलं बे? चार फेऱ्या ते बाई मारते, अन् तुह्या पानात तिचं नावच नाई!"

गाडी वळली. मॅडम अजून काहीतरी ओरडत होत्या, ते ऐकू आलं नाही. प्रफुल मोबाइल हातात धरून तसाच उभा राहिला, गाडी गेली त्या दिशेला पाहत.

त्यानंतर दोन महिन्यांत मी ठेकेदारानं कामाला नेलेल्या पोरींबरोबर इकडं आले. ऐकते की मॅडम वर्ध्याला घरीच शिकवण्या घेतात. त्यांचा नंबर माझ्याजवळ आहे. लावत नाही. फोनवर माफी मागणं सोपं आहे, म्हणूनच लावत नाही.

मॅडम, तुमच्यापर्यंत हे पोचेल की नाही माहीत नाही. सतरा नंबरचा फॉर्म मी भरला आहे. परीक्षा द्यायला येईन तेव्हा आधी आर्वीला उतरेन, प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी राहीन. मला भीती वाटते, आताही लिहिताना वाटते आहे. पण त्या दिवशी कागद खोटा होता आणि सही माझी खरी होती. आता खरा कागद मी माझ्या हातानं लिहिणार आहे. प्रकल्प कोणी आणले, कोणी छापले, मला सही कोणी मागितली आणि मी ती वाचून कशी केली, सगळं. त्याची पोच घेईन, आणि ती घेऊनच तुमच्या दारात येईन. त्या दिवशी मात्र तुम्ही माझ्यावर ओरडायचं, मॅडम. मी ऐकून घेईन.